पुण्याची वाढ उपग्रहातून: घरं शोधू नका, मुरूम शोधा

टेकडीवरून (धागाकर्ता)

रिंगरोडच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की पुण्याच्या कडेची गावं कशी भरत चालली आहेत हे घरबसल्या मोजता येईल का. येतं, आणि पैसा न खर्चता येतं. पण त्यात फसायच्या जागा खूप आहेत. 'तीस वर्षांत शहर इतके टक्के वाढले' असं सांगणारे लाल-हिरवे नकाशे अधूनमधून फिरत असतात, त्यातले बरेच याच जागांवर पडलेले असतात. म्हणून वेगळा धागा.

आधी माल काय मिळतो ते. अमेरिकेचा लँडसॅट १९७२ पासून चित्रं घेतोय. सुरुवातीला त्याचा एक ठिपका (पिक्सेल) साधारण ८० मीटरचा होता, १९८२ च्या लँडसॅट-४ पासून ३० मीटरचा झाला. २००८ मध्ये हा सगळा साठा मोफत खुला झाला. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ चा. त्याचा ठिपका १० मीटरचा, आणि २०१७ मध्ये जोडीचा दुसरा उपग्रह गेल्यापासून त्याच जागेवर दर पाच दिवसांनी फेरी. आपले आयआरएस (भारतीय दूरसंवेदन) उपग्रह १९८८ पासून. त्यातल्या लिस-४ या कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, कार्टोसॅट-१ (२००५) चा अडीच मीटरचा.

आता हे मीटर आपल्या हिशेबात आणा. १० गुणिले १० म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे सेंटिनेलचा एक पिक्सेल हा जवळपास एक गुंठा! लँडसॅटचा पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे, आणि सत्तरच्या दशकातला पिक्सेल म्हणजे दीड एकराहून थोडा जास्त. एवढं लक्षात ठेवलं की कुठलं चित्र काय दाखवेल हे वेगळं सांगायला नको. चारशेहून अधिक एकरांचा मगरपट्टा लँडसॅटमध्ये ठसठशीत दिसतो. धायरीच्या मागच्या गल्लीत एकेका गुंठ्यावर उठलेली घरं त्यात शेताच्या रंगात मिसळून जातात, आणि अशी पाच-पन्नास घरं एकमेकांना चिकटली की मग एकदम 'अचानक वाढ' झाल्यासारखी दिसते.

माझा मुख्य मुद्दा पुढचा. सगळे बांधकाम मोजतात. पण बांधकाम ही या गोष्टीतली शेवटची पायरी आहे. वाघोली, केसनंद, लोणीकंद, मांजरी, फुरसुंगी, कुठेही बघा, क्रम तोच. आधी एखादं रान एक-दोन हंगाम पेरलं जात नाही. मग जेसीबी येतो, बांध मोडतात, आणि मुरमाचे समांतर रस्ते पडतात. त्यानंतर काही वर्षं तिथे नुसतं गवत आणि चुन्याच्या फक्क्या. मग तारेचं कुंपण, एखादी पत्र्याची खोली, आणि शेवटी घरं. रस्ता सहा मीटरचा असला तर सेंटिनेलचा एक पिक्सेलही पूर्ण भरत नाही, तरीही दिसतो, कारण पांढुरका मुरूम काळ्या रानावर उठून दिसतो आणि शेतात इतक्या सरळ, इतक्या समान अंतरावर रेघा कधीच नसतात. ज्या वर्षी त्या रेघा दिसल्या त्या वर्षी ती जमीन शहराची झाली असं मी धरतो. घरं दिसेपर्यंत सगळं विकून झालेलं असतं.

फसायची पहिली जागा म्हणजे महिना. बांधकाम ओळखायला एनडीबीआय नावाचा निर्देशांक वापरतात. लघुतरंग अवरक्त आणि निकट अवरक्त किरणांच्या परावर्तनाची तुलना, एवढंच ते आहे. यात कोरडी उघडी जमीनही काँक्रीटसारखीच वागते. दख्खनच्या पठारावर मार्च ते मे या काळात अर्धा जिल्हा उघडाच असतो. एप्रिलचं चित्र घेतलंत तर सासवडच्या अलीकडची माळरानं 'शहरी' निघतील. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळातलं चित्र घ्या. पडीक जमिनीवरही तेव्हा गवत असतं, रब्बी उगवलेली असते, आणि जे हिरवं नाही ते बहुतेक खरंच बांधलेलं असतं. दर वर्षी तोच पंधरवडा धरायचा. एक वर्ष नोव्हेंबर आणि दुसरं वर्ष मे अशी तुलना करणाऱ्याचा नकाशा फाडून टाकावा.

दुसरी जागा: वाघोलीच्या दगडखाणी. यंत्र त्यांना बेधडक इमारती ठरवतं. तिसरी: तळेगाव-मावळातली पॉलिहाउसं, जी चाकणच्या गोदामांशी इतकी मिळतीजुळती दिसतात की हाताने वेगळी काढावी लागतात. गुगलच्या डायनॅमिक वर्ल्डसारखी जमिनीची आयती वर्गीकरणं मिळतात, सुरुवातीला चांगली आहेत, पण असल्या गोष्टींत तीही गडबडतात.

सौदामिनी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! एक शंका. ऑक्टोबरनंतरचं ठीक आहे, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळच असतं. बेकायदा भराव तर नेमके पावसाळ्याच्या तोंडावर टाकतात. तेव्हा काय करायचं?

टेकडीवरून

तेव्हा रडार. सेंटिनेल-१ हा २०१४ पासून आहे, त्याला ढग आणि रात्र दोन्ही आडवे येत नाहीत. भिंत आणि जमीन यांच्या काटकोनावरून लहर थेट परत येते म्हणून इमारती झगझगीत दिसतात. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह गेला, तो बारा दिवसांनी त्याच जागी येतो. मात्र रडारचं चित्र वाचायला वेळ द्यावा लागतो. मुळशीकडच्या डोंगरांत उतार आडवेतिडवे होऊन दिसतात, तिथे नवख्याने हात घालू नये. भरावासाठी माझा अनुभव असा, की मेअखेरचं एक आणि ऑक्टोबरमधलं पहिलं निरभ्र चित्र शेजारी ठेवलं तरी काम भागतं.

रंकाळा_वेस

मस्त धागा. आमच्याकडं या, कोल्हापुरात. तुमची हद्द दर चार वर्षांनी फुगत्या, आमची हलतच न्हाई. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, पुढची पन्नास वर्षं हद्द तीच, ६७ चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. कागदावर बघितलं तर शहर वाढलंच न्हाई! उपग्रहातनं बघा: कळंबा, पाचगाव, उचगाव, गांधीनगर, कुठं शहर संपलं आणि कुठं गाव सुरू झालं हे सांगून दाखवा. पाणी शहराचं पाहिजे, घरफाळा ग्रामपंचायतीचा पाहिजे, हे त्याचं सार.

एक सोय आहे आमच्याकडं. ऊस. बारा ते अठरा महिने हिरवागार. त्यामुळं तुमची एप्रिलची अडचण आम्हाला कमी. अडचण येत्या तोडणीनंतर. फडातला पाला पेटवला की ते काळं रान यंत्राला काय वाटंल याचा नेम न्हाई. २०१९ च्या पुराचे रडारचे नकाशे बघितल्यात का कुणी? ते आणि नवीन प्लॉटिंगचे नकाशे एकावर एक ठेवा. मी ठेवल्यात. इथं टाकत न्हाई, पाहुण्यारावळ्यांचे प्लॉट त्यात हाइत.

सौदामिनी

शेवटच्या वाक्याला +१ 😀

माजी_महसूल

धागाकर्त्यांनी पिक्सेल आणि गुंठ्याचा मेळ घातला तो आवडला. त्यात भर घालतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि ३३ फूट ही आमच्या मोजणीची शंकुसाखळी, सोळा आण्यांची. १० मीटर म्हणजे ३२.८ फूट. तेव्हा तुमचा उपग्रह आमच्या साखळीनेच मोजतो म्हणा ना.

आता थोडं कागदाबद्दल. तुम्ही मुरमाचे रस्ते बघता, आम्ही सात-बारा बघत असू. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एकेका गुंठ्याचं स्वतंत्र खरेदीखत सहजी होत नसे. मग दहा-अकरा जण मिळून एकत्र क्षेत्र घेत. मालकाच्या रकान्यात नावांची रांग, प्रत्येकापुढे एक-दोन गुंठे, आणि पीकपाहणीत 'पड'. कधी तर बाजरी! दोन मजली घराच्या डोक्यावर बाजरी लावलेले उतारे मी पाहिले आहेत. ज्या गटात नावं एकदम वाढली आणि पीक नाहीसं झालं, तिथे तुमचे रस्ते सापडतीलच.

याहून महत्त्वाचं म्हणजे तारीख. २००१ चा गुंठेवारी कायदा. त्यात नियमित करून घ्यायची मुदत आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना होती, ती २०२१ मध्ये सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० वर आणली. त्यामुळे 'त्या दिवशी घर उभं होतं' हे सिद्ध करण्यासाठी लोक वीजबिल, घरपट्टी, काय वाटेल ते आणतात. हल्ली गुगल अर्थची रंगीत प्रिंटही येते. माझ्या नोकरीच्या काळात ती नव्हती.

टेकडीवरून

काका, हा मुद्दा सुटला होता माझ्याकडून, आणि यात एक मोठा सापळा आहे. गुगल अर्थ प्रो मध्ये जुनी चित्रं बघताना थोडं लांबून पाहिलं की पट्टीवर '३१ डिसेंबर २०२०' अशी तारीख दिसू शकते. ते त्या दिवशीचं चित्र नव्हे! वर्षभरातल्या लँडसॅट-सेंटिनेल चित्रांचे ढग काढून एकत्र केलेलं ते मिश्रण असतं आणि त्याला वर्षाची शेवटची तारीख चिकटवलेली असते. नेमकी गुंठेवारीच्या मुदतीचीच तारीख. पुरावा म्हणून कुणी ती प्रिंट पुढे केली तर समोरचा वकील एका प्रश्नात खाली बसवेल. जवळ जाऊन, घर ओळखू येईल इतकं स्पष्ट चित्र ज्या तारखेचं आहे तीच खरी तारीख.

एस्री या नकाशा-कंपनीच्या वेबॅक या जुन्या चित्रांच्या संग्रहात उलटा प्रकार आहे. तिथे यादीत दिसते ती चित्र प्रसिद्ध केल्याची तारीख. घेतल्याची तारीख हवी तर चित्रावर टिचकी मारून बघावी लागते, आणि दोन्हींत कधी वर्षाहून जास्त फरक असतो.

स्क्रीनशॉट छापून न्यायालयात नेला की झालं, असंही नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

निम्मं_शहर

सगळं वाचलं. अभ्यास आहे, मान्य. पण हे कुणासाठी? महापालिकेला काय दिसत नाही? कितीतरी महापालिकांनी मिळकतकरासाठी जीआयएस (संगणकी नकाशांची) सर्वेक्षणं करून घेतली आहेत. घर कुठे उठलं हे त्यांना तुमच्याआधी कळतं. फक्त ते कराचं बिल पाठवायला कळतं, थांबवायला नाही.

दुसरं. तुमच्या नकाशात गुंठाभर जागेत उसनवारी करून घर बांधलेला रिक्षावाला लाल, आणि डोंगर पोखरून उभी राहिलेली टाउनशिपही लाल. पहिल्याकडे कागद नाही, दुसऱ्याकडे सगळे कागद आहेत. उद्या हाच नकाशा घेऊन बुलडोझर कुणाच्या दारात उभा राहणार हे सांगायला उपग्रह लागत नाही.

टेकडीवरून

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत आहे, पहिल्याशी नाही.

चित्राला परवानगी कळत नाही, हे बरोबर. म्हणूनच 'अनधिकृत' हा शब्द मी वापरलेला नाही, आणि नुसत्या चित्रावरून तो कुणी वापरू नये. उलट जिथे कायदा उताराशी बांधलेला आहे तिथे चित्र श्रीमंतालाच आधी पकडतं. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे, ९७८ हेक्टर. उंचीची माहिती मोफत मिळते, उतार काढता येतो, आरक्षणाची रेघ वर ठेवता येते. गुंठेवारीचं घर तर एका पिक्सेलचं. डोंगर कापून केलेली सपाटी शंभर-दोनशे पिक्सेलची असते, ती लपत नाही.

आणि कुणासाठी म्हणाल तर, मोजायला दुसरं आहे काय आपल्याकडे? शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ मध्ये पूर्ण व्हायची. ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष शेतीबाहेर कामाला, हे तिन्ही जमले की जनगणना गावाला शहर म्हणते. या सोळा वर्षांत पुण्याभोवतीची किती गावं ही रेघ ओलांडून गेली असतील! सरकारी हद्दीचं तर विचारू नका. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ आली, २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढली. आयटी पार्क उभं राहून दोन दशकं लोटली तरी हिंजवडी ग्रामपंचायतच राहिली. जमिनीवरचं शहर या रेघांना विचारून वाढत नाही, त्यामुळे महापालिकेच्या हद्दीत केलेली कुठलीही बेरीज अर्धवटच निघते. मी पुणे स्टेशनपासून ३० किलोमीटरचं वर्तुळ धरतो आणि कुठल्याही हद्दीकडे बघत नाही.

मात्र लोकसंख्या यातून काढू नका. बावीस मजली टॉवर आणि पत्र्याचं गोदाम चित्रात सारखंच छप्पर दाखवतात. वाघोलीत किती सदनिका रिकाम्या आहेत आणि रोज किती टँकर येतात, हे अवकाशातून दिसत नाही.

पेडण्याहून

गोव्यातून थोडं. तुमचं नोव्हेंबरचं सूत्र आमच्याकडे तितकंसं चालणार नाही. घरं माडा-काजूच्या सावलीत, वरून झाडंच दिसतात. जुन्या वाड्यावर पन्नास नवी घरं आली तरी १० मीटरच्या चित्रात रान ते रानच. पण डोंगरकापणी लगेच कळते, कारण खालची तांबडी माती उघडी पडली की हिरव्यात लाल डाग उठतो. मुरमाच्या रेघांऐवजी आम्ही ते डाग बघतो. पर्वरीपासून वर पेडण्यापर्यंत, मोपा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उघडल्यानंतर तर विचारूच नका.

खडकवासला_खालचे

ओढ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. ओढे कुठे होते हे आजच्या चित्रात दिसत नाही, कारण ते बुजवले, वळवले किंवा स्लॅबखाली गेले. पण नासाच्या शटलने फेब्रुवारी २००० मध्ये जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती, ती माहिती मोफत आहे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाणी कुठून वाहील त्या रेघा काढायच्या आणि आजच्या चित्रावर ठेवायच्या. पुण्याच्या कडेची बरीचशी वाढ त्यानंतरची आहे, त्यामुळे जमीन बरीचशी मूळ उताराचीच मिळते. त्या रेघांवर आज काय काय उभं आहे ते बघून झोप उडते.

मर्यादा: ही माहितीही ३० मीटरची, म्हणजे पुन्हा नऊ गुंठे. लहान नाले त्यात येत नाहीत. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा आणि त्याहून चांगला म्हणजे गाव नकाशा.

माजी_महसूल

गाव नकाशात ओढा दाखवलेला असतो. फक्त नकाशा उपग्रहाच्या चित्रावर नेमका बसत नाही. जुन्या मोजणीला अक्षांश-रेखांश नव्हते, त्यामुळे पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतंच. तेवढ्यावरून शेजाऱ्याशी भांडू नये.

गटनंबर_हरवला

मंडळी, मी अभ्यासक वगैरे नाही. पूर्वेकडे दोन गुंठे घ्यायचा विचार चाललाय. एजंट म्हणतो डीपी (विकास आराखड्यातला) रोड मंजूर आहे, दोन वर्षांत भाव दुप्पट. या चित्रांतून मला काय कळू शकेल? सोप्या भाषेत सांगा.

टेकडीवरून

भाव कळणार नाही. बाकी बरंच कळेल. जागेवर उभं राहून मोबाइलवर चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या. गुगल अर्थ प्रो संगणकावर उतरवा, चार खुणा टाका, आणि वरच्या घड्याळाच्या चिन्हावरून मिळेल तेवढं जुनं, स्पष्ट चित्र काढा. तीन गोष्टी बघा. एक, तुमच्या चौकोनातून झाडांची वाकडीतिकडी काळपट रांग जाते का. जात असेल तर तो ओढा आहे, आज तिथे मुरूम असला तरी. दोन, मुरमाचे रस्ते कुठल्या वर्षी पडले. दहा वर्षांपूर्वी पडले असतील आणि अजून चारच घरं असतील तर त्याचं कारण एजंटाला विचारा. तीन, 'मंजूर डीपी रोड' ज्या दिशेने दाखवतात तिथे आज काय उभं आहे. रस्त्याच्या जागेवर तीन मजली इमारती असतील तर तो रस्ता तुमच्या हयातीत होईल का, हे तुम्हीच ठरवा. आराखडा मात्र चित्रावरून नाही, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिका, ज्यांच्या हद्दीत असेल त्यांच्याकडूनच तपासा.

माजी_महसूल

आणि मोजणीची 'क' प्रत मागा. पोटहिस्सा पाडून मोजणी झाली नसेल तर तुमचे दोन गुंठे त्या गटात नक्की कुठे आहेत, हे एजंटालाही माहीत नाही.

गटनंबर_हरवला

विचारलं. म्हणतो सगळ्यांची एकत्र मोजणी पुढच्या वर्षी करून देऊ, आत्ता टोकन द्या.

माजी_महसूल

देऊ नका.